कर्फ्यूत अडकलेली मावली

भांडायचं तर माणसं निदान थोडी सारखी असावी लागतात. अगदीच निराळ्या माणसाशी भांडणार कशावरून? माझगावच्या नवरोजी चाळीतल्या गंगाधर साळव्यांचं समोरच्या सीताराम राण्यांच्या गणपतीशी काही वैर नव्हतं. साळवे ख्रिस्ती, नगरकडचे, प्रोटेस्टंट, आणि मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, पंच. प्रसाद ते घेत नसत; पण यंदा मोदक हातवळणीचे की साच्यातले, याची चौकशी आस्थेनं करत. तळमजल्यावरच्या मेमनशेठच्या रोज्यांबद्दलही त्यांची तक्रार नव्हती. त्यांचं पटत नसे ते फक्त रस्त्यापलीकडच्या पाखाडीतल्या, म्हणजे जुन्या कौलारू वस्तीतल्या, कॅथलिकांशी. कारण सरळ होतं. तेही ख्रिस्तीच होते.

हसू नका, वाचकहो. आपापल्या भाऊबंदांची आठवण करा आणि मग पुढं वाचा.

छप्पन सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार, अशी बातमी रेडिओवर आली आणि गिरणगावापासून गोदीपर्यंत शहर पेटलं. गोळीबार, अश्रुधूर, आणि मग कर्फ्यू. साळव्यांची बायको मुलांना घेऊन नाताळासाठी नगरला गेली होती, ती तिकडेच अडकली. घरात साळवे आणि त्यांची म्हातारी आई जाईबाई, एवढीच माणसं. जाईबाई तरुणपणी मिशनात बायबलबाई होती. म्हणजे गावोगाव पायी जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणं हे तिचं काम. आता डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण शास्त्र पाठ होतं आणि जीभ शाबूत होती.

शुक्रवारी दिवेलागणीला दारावर थापा पडल्या.

"साळवेनू! दार उघडा! तुमची देवी हाडलंय!"

साळव्यांनी दार उघडलं. सीताराम राणे घामाघूम होऊन उभा होता. त्याच्यामागं पन्नाशीची एक ठेंगणी बाई, एका पायात चप्पल, दुसरा पाय रक्तानं माखलेला. तिच्या कवेत शालीत गुंडाळलेली हातभर उंचीची मूर्ती होती. निळं वस्त्र, डोक्यावर मुकुट, कडेवर बाळ.

"आमची?" साळवे म्हणाले.

"मगे कोणाची? गळ्यात क्रूस असा, कडेवर येशू असा. खाली पोलीस लाठ्ये घेऊन धावतत, म्हटलां बाईक आणि देवीक तुमच्याच माणसांत नेऊन सोडूचां." आणि परोपकार आटोपून सीताराम जिना उतरून गेलासुद्धा.

गैरसमज समजावून सांगायला निदान समोरचा माणूस जागेवर उभा पाहिजे.

"भाऊ, मना घटकाभर बसू द्या," बाई म्हणाली. "मी फिलोमेना परेरा, पाखाडीतली. फिलूबाय बोलतात मना. आमची मावली रोज संध्याकाळी एकेका घरी जाते. आज माझ्या घरची पाळी होती. कर्फ्यू जरा उठला होता, तं आम्ही चार बाया तिला घेऊन रस्ता ओलांडत होतो न् पब्लिक धावत आलं. बाकीच्या कुठं गेल्या ठाव नाय. ही माझ्या हातात ऱ्हायली."

आतून खाटेवरून आवाज आला. "कोण आलंय रं?"

"आई, एक बाई आहे. कॅथलिक."

"आन् काय जड घेऊन उभी हाय? धाप लागलीय तिला."

साळव्यांनी शालीतल्या मूर्तीकडं पाहिलं. "आणखी एक बाई."

"मंग दोघींना आत घे. दार लाव."

आता प्रश्न आला तो ठेवायचं कुठं हा. टेबलावर शास्त्राचा ग्रंथ होता. त्याच्या शेजारी मूर्ती ठेवणं साळव्यांना पटेना. फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या. तिथं ठेवणं मूर्ती न मानणाऱ्या माणसालाही पटेना. राहिली बायकोची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेवर कापड घातलं तर वेदी होते, नाही घातलं तर अपमान होतो. बराच विचार करून साळव्यांनी टेबलक्लॉथ अर्धा दुमडून घातला. तेवढ्यानं दोन्ही धर्म सांभाळले गेले, असं त्यांना वाटलं.

पुन्हा लागलेला कर्फ्यू काही घटकाभरात उठला नाही. फिलूबाय राहिली. जाईबाईनं तिच्या पायाला हळद दाबून बांधली आणि फिलूबायनं चूल हातात घेतली. तांदूळ निवडता निवडता तिनं म्हातारीला आपलं दुःख सांगितलं. साळवे गॅलरीत उभे होते; ऐकायचं नाही असं ठरवूनही त्यांना सगळं ऐकू आलं.

तिचा एकुलता मुलगा मिंगेल गोदीत फिटर. सोमवारी मोर्च्याला निघाला. फादर म्हणाले होते, राजकारणात पडू नका. आई दारात आडवी झाली. "तो बोलला, आये, आपण घरात मराठीच बोलतो ना? मग मुंबई कोणाची? मी त्याला काय उत्तर देऊ, आजीबाय? रागात बोलून गेली, जातोस तं जा, पुन्यांदा मना तोंड दाखवू नको." तिनं ताटातला खडा बाहेर टाकला. "तवापासून आला नाय. रोज गोळीबाराचं ऐकते. मावली घरी आली का तिच्यापुढं बसून माझा शब्द मागं घेणार होती. तं ती पण घरी पोचली नाय."

जाईबाईनं चाचपत ताट ओढलं आणि न दिसणारे खडे निवडू लागली.

संध्याकाळी फिलूबायनं माळ काढली. "भाऊ, माळेवरची तेर्स म्हणू का? हळू म्हणते."

साळव्यांच्या डोक्यात गोंधळ माजला. पंचाच्या घरात मूर्तीपुढं प्रार्थना! नको म्हणावं तर पोरगा हरवलेली आई. हो म्हणावं तर मूर्तीला भजू नये ही देवाची आज्ञा मोडते. त्यांनी मधला मार्ग काढला आणि पुन्हा गॅलरीत जाऊन उभे राहिले. पण प्रार्थना संपली की आमेन म्हणायचं ही जन्माची सवय. आतला आवाज थांबला आणि साळव्यांच्या तोंडून खणखणीत "आमेन" निघून गेलं. त्यांनी घाईनं इकडंतिकडं पाहिलं. गॅलरीत कोणी नव्हतं. फक्त राण्यांचं मांजर होतं, आणि ते कोणत्याच मंडळीचं नव्हतं.

शनिवारी गोंधळात भर पडली. सीतारामची बायको राधाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. कर्फ्यूमुळं तिचं संक्रांतीचं हळदीकुंकू राहून गेलं होतं आणि चाळीतल्या चाळीत ती ते उरकत होती. ट्रंकेसमोर थबकून तिनं पदर सारखा केला आणि मूर्तीच्या पायाशी तिळगूळ ठेवला.

"लेकुरवाळी आहे. चालतं ना हो?"

चालतं की नाही हे साळव्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फिलूबायकडं पाहिलं. फिलूबाय म्हणाली, "चालल. ती कुनाला नाय बोलत नाय."

राधाबाई गेल्यावर साळवे आईच्या खाटेशी बसले. "आई, माझ्या घरात हे चाललंय काय?"

"पाव्हणचार," जाईबाई म्हणाली.

खरा घोर उजाडला रविवारी. कर्फ्यू असल्यामुळं देवळात जाता येईना. तेव्हा थोरले पंच बाबुराव गायकवाड यांनी निरोप धाडला, की चाळीतल्या चार प्रोटेस्टंट बिऱ्हाडांची उपासना गंगाधररावांच्या खोलीत होईल, कारण ती खोली कोपऱ्याची आणि मोठी. बाबुराव वरच्या मजल्यावर राहत. मिशन शाळेतले निवृत्त मास्तर. करडी मिशी, करडा कोट, करडं मत. त्यांनी एकदा नाताळच्या नाटकातली कापडी गाय देवळात मूर्ती होते म्हणून बाहेर बांधायला लावली होती. आता त्यांनी ट्रंकेवरचा प्रकार पाहिला, तर साळव्यांचं पंचपण गेलंच म्हणून समजा. वडिलांपासून चालत आलेलं, नगरच्या घरी ज्याचा अभिमान, ते पद!

साळव्यांनी मूर्तीवर चादर टाकली. मागं सरकून पाहिलं. चादरीखाली डोक्यावर पदर घेतलेली बाई बसल्यासारखी दिसत होती. उघड्यावर होती त्याहून जास्तच.

"भाऊ, मी आत चुलीपाशी बसते," फिलूबाय म्हणाली. "तुमच्या प्रार्थनेत बसलं तर आम्हाला पाप लागतं, असं फादर सांगतात. मी कानात बोटं घालते. राग नको."

"राग कसला?" साळवे म्हणाले, आणि आपल्याला जरा रागच का आला, हे त्यांना समजेना.

मंडळी जमली. सलाम झाले. गायन झालं. बाबुरावांनी चष्मा लावला, ग्रंथ उघडला, आणि नेमका मूर्तिपूजेच्या निषेधाचा भाग काढला. सगळी चाळ दगडफेक आणि गोळीबार यांच्या चिंतेत असताना त्यांना हाच विषय का सुचला, हे देव जाणे. सोन्याचं वासरू करून पुजणाऱ्या लोकांच्या गोष्टीपर्यंत ते पोचले होते, तेवढ्यात सीताराम राणे दार ढकलून आत आला. चाळीच्या गेटवर पहारा देणाऱ्यांसाठी पाण्याची कळशी त्याला हवी होती.

"साळवेनू!" तो जागच्या जागी ओरडला. "देवीक असां गुदमरवतास कित्याक?" आणि त्यानं चादर ओढली.

निळं वस्त्र, मुकुट, बाळ, पायाशी राधाबाईचा तिळगूळ!

बाबुरावांचा चष्मा नाकावरून घसरला. "गंगाधरराव! पंचाच्या घरात हे काय?"

"ते... अडकलंय," साळवे म्हणाले.

"मूर्ती घरात अडकत नाही. ठेवावी लागते!"

"कोण माझ्या मावलीला ओरडतो?" पडदा बाजूला झाला आणि फिलूबाय लंगडत बाहेर आली. बोटं अजून कानांतच होती. पण ऐकू सगळं येत होतं, असं दिसलं. "घरची आई बाहेर काढणारे लोक तुम्ही! पोर पाहिजे, आई नको!"

"शास्त्राला सोडून कोणी काही करावं हे आम्हाला मान्य नाही, बाई. कोरीव मूर्तीला मान देऊ नये, ही आज्ञा आहे."

"मग भिंतीवर दाढीवाला कोण?"

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. तिथं एका गोऱ्या साहेबाची तसबीर होती.

"ते मिशनरीसाहेब," साळवे म्हणाले. "माझ्या आज्याला त्यांनी बाप्तिस्मा दिला."

"त्यांची काच कोण पुसतो?"

"मीच. दर शनिवारी."

"कशाला?"

"मान म्हणून," साळवे म्हणाले. आपण आत्ता कोणाच्या बाजूनं बोललो, याचा त्यांना पत्ता लागेना.

सीतारामला मात्र एकाएकी उजेड पडला. "अरे, म्हणजे तुमच्यातय स्मार्त आणि भागवत! एकादशी एकच, पण ह्यांची आज, त्यांची उद्या!"

"तसं नाही हो!" बाबुराव आणि फिलूबाय एकदम म्हणाले. दोन दिवसांत दोन्ही पंथांचं एकमत झालं ते एवढंच.

"आरं, पुरे!" खाटेवर जाईबाई उठून बसली. "बाबुराव, तुमी मास्तर. मी साधी बायबलबाई. पण एक सांगा, मी गावात जाऊन येशूची गोष्ट सांगायला बसले, का बाया पयला सवाल काय करायच्या?"

"काय?"

"त्याची आई कोण? ती कुठली? बाळंतपण कुठं झालं? आईबिगर कुनाची गोष्ट सुरूच व्हत न्हाई, मास्तर. अन् आपण देवळात तिचं नाव नाताळात एकदा घेतो आन् पुन्ना पेटीत ठिवतो. का? तर ह्यांच्यासारखं दिसंल म्हणून. आपल्याच शास्त्रातली बाई, आन् आपण तिला शेजाऱ्याच्या भीतीनं लपवतो! चादर गंग्यानं आज टाकली व्हय? कवाच टाकलीय समद्यांनी."

बाबुरावांनी तोंड उघडलं, पण म्हातारी आता दुसरीकडं वळली होती.

"आन् तू, फिलूबाय. रोज तिच्यापुढं बसतीस. तिला समदं सांगतीस. ती काय बोलली, हे कवा ऐकलंस का?"

"आमचं सगळं लातीनमधी असतं," फिलूबाय पुटपुटली. "न् तुमचं पुस्तक वाचायची आम्हाला परवानगी नाय."

"वाचू नको. मी तोंडी सांगते. ऐकायची बंदी हाय?"

फिलूबायनं कानांतली बोटं काढली. "तोंडी ऐकायचं विचारलं नाय कधी."

"मंग ऐक. सणाला मोठ्या शहरात गेली व्हती ती, नवऱ्याबरूबर, बारा वर्सांच्या पोराला घेऊन. मरणाची गर्दी. परतीला निघाली, आन् बघती तर पोरगं न्हाई."

"पाचवा!" फिलूबायनं झर्रकन माळ पुढं केली. "आनंदाचा पाचवा मिस्तेर, माळेवरची पाचवी गोष्ट! जेजू हरवतो न् देवळात मिळतो!"

"कुठं आहे हे?" बाबुरावांनी माळेकडं पाहिलं.

"हितं. दर दहा मण्यांवर एकेक मिस्तेर. पयल्यावर देवदूत येतो. दुसऱ्यावर ती डोंगरातल्या बहिणीच्या घरी जाते. तिसऱ्यावर गोठ्यात बाळ होतो. चवथ्यावर त्याला देवळात नेतात. आमच्यात कुनाला वाचता यायचं नाय ना, मास्तर. आजीनं बोटांवर शिकवलं."

बाबुराव लूकचं शुभवर्तमान काढून पानं उलटू लागले. फिलूबाय मणी सरकवत होती, मास्तर पानं सरकवत होते, आणि दरवेळी दोघं एकाच ठिकाणी पोचत होते. ही माळ म्हणजे अर्थ न कळता केलेली वटवट, असं बाबुरावांनी आजवर पोरांना शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पान तेच होतं.

"पन सापडल्यावर ती काय म्हणाली, ते तुझ्या मण्यावर हाय का?" जाईबाईनं विचारलं.

"नाय. तिथं फक्त सापडतो."

"रागावली!"

"मावली?"

"चांगली रागावली! चारचौघांत! बाळा, आमच्याशी असा का वागलास, म्हणाली. तुझा बाप आन् मी जीव टांगून तुला शोधत हिंडलो, म्हणाली. आन् पोरगं काय कमी? त्यानं उलट उत्तर दिलं!"

फिलूबायनं वळून मूर्तीकडं पाहिलं. इतकी वर्षं जिच्यापुढं तिनं आवाज चढवला नव्हता, ती मावली भर देवळात पोरावर ओरडली होती!

"ती पण बोलली?"

"आई हाय. बोलनारच. बोलली म्हणून तिचं आईपण गेलं न्हाई, आन् पोराचं पोरपण न्हाई."

"मी तिच्यापेक्षा वाईट बोलली, आजीबाय."

"तुझा पोरगा बी तिच्या पोरापेक्षा जास्त दिस गेलाय," जाईबाई म्हणाली, आणि फिलूबाय रडता रडता हसली.

बाबुराव खाकरले. "तरीही एक सांगतो. मूर्तीपुढं आम्ही हात जोडणार नाही. तो आमचा प्रश्न आहे."

"नका जोडू," फिलूबाय डोळे पुसत म्हणाली. "ती मागायला नाय आली."

तेवढ्यात खालून गलका झाला. कर्फ्यू दुपारपर्यंत उठवला होता. फिलूबाय ताडकन उठली आणि दुखऱ्या पायावर भार पडताच कळवळून भिंतीला टेकली. घरी पोचायचं होतं, पोराची चौकशी करायची होती, मूर्ती न्यायची होती. आणि पाऊल तर धड टेकवत नव्हतं. साऱ्या मंडळीनं मूर्तीकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं.

साळवे उठले. का उठले, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी मूर्ती उचलली. आधी काखेत धरली, छत्रीसारखी दिसली. मग दोन्ही हातांनी पुढं धरली; मिरवणुकीसारखी दिसली. शेवटी लहान मूल घेतात तशी खांद्याशी घेतली आणि जिना उतरू लागले. पंचपण जायचं असेल तर जाऊ दे!

मागं काठीचा आवाज आला. बाबुराव कोट चढवून येत होते.

"मास्तर, तुम्ही?"

"मंडळीच्या पंचाला असल्या अवस्थेत एकटं सोडणं बरं नाही," बाबुराव करड्या आवाजात म्हणाले, आणि त्यांनी फिलूबायला आधाराला हात दिला.

रस्त्यावर विटांचा खच होता. जळका टायर धुमसत होता. पाखाडीत शिरताच एक दणकट पोरगा गल्लीतून धावत आला.

"आये! कुठं होतीस तू? कर्फ्यू चुकवून दोन दिवस सगळं माझगाव पालथं घातलं! हॉस्पिटलं बघितली! अशी करतात काय?"

फिलूबायनं त्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्याला मिठी मारली. की आधी मिठी मारली, याबद्दल साळवे आणि बाबुराव यांचं पुढं कधीच एकमत झालं नाही.

"तू कुठं होतास, मेल्या?"

"वरळीला. मावशीकडं, कोळीवाड्यात."

"न् घरी का नाय आलास?"

"तूच बोललीस ना, तोंड दाखवू नको!"

म्हणजे गोळी लागली नव्हती, पोलिसांनी धरलं नव्हतं. आईच्या एका शब्दानं पोराला वरळीत अडकवून ठेवलं होतं. आणि तो घाबरत घाबरत परत आला, तेव्हा आई नवरोजी चाळीत अडकली होती.

मावली परेरांच्या घरात जागेवर बसली. बायका जमल्या, तेर्स सुरू झाली. साळवे आणि बाबुराव उंबरठ्यावर उभे राहिले. आत गुडघे टेकणं जमेना, बाहेर निघून जाणं बरं दिसेना. पाचव्या मिस्तेरला फिलूबायनं मान वळवून बाबुरावांकडं पाहिलं आणि मास्तरांनी, वर्गात पोराचं उत्तर बरोबर आल्यावर हलवावी तशी, मान हलवली. शेवटी उकडलेले चणे वाटले गेले. बाबुरावांनी ओंजळीकडं संशयानं पाहिलं.

"गंगाधरराव, हे खाल्लेलं चालतं का?"

"शास्त्रात चण्यांबद्दल काही वाचल्याचं आठवत नाही, मास्तर."

दोघांनी खाल्ले.

वाचकहो, त्यानंतर साळवे कॅथलिक झाले नाहीत आणि फिलूबायनं माळ सोडली नाही. मतं होती तिथंच राहिली, आणि तसं राहायला हरकतही नाही. पण आईला मान किती द्यावा यावर दोन घरं पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत होती. एका घरी आई होती, तिचे शब्द नव्हते. दुसऱ्या घरी शब्द होते आणि आई चादरीखाली होती. मधे होता तो फक्त एक रस्ता. आपल्या गल्लीतही असा एखादा रस्ता असेल. तो ओलांडायला, मित्रहो, कर्फ्यूची वाट पाहू नका!

साळवे घरी परतले तेव्हा जाईबाई जागीच होती.

"पोचवलीस दोघींना?"

"पोचवलं. मुलगा सापडला."

"देवाची कृपा. आन् तुझं काय?"

साळवे ट्रंकेवर, त्या अर्ध्या दुमडलेल्या कापडावर बसले. "मला काहीच कळेनासं झालंय, आई."

"लई बरं झालं," म्हातारी कुशीवर वळत म्हणाली. "समदं कळत व्हतं, तवा तू रस्त्यापलीकडं कवाच गेला नव्हतास."